कळवायचं कोणाला

सहलीला जाताना विमा काढायचा की नाही, यावरून आम्हा दोघी बहिणींचं आठवडाभर वाजत होतं. ताईला विमा हवा होता, मला नको होता. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, धाकटी चिक्कू आहे. तसं कोणी म्हटलं असतं तरी मला चाललं असतं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला औषधवाला आणि मधे आम्ही. नवीन कपडे आम्ही शिवत नाही. ढगळ असेल ते घट्ट करून देतो, घट्ट असेल ते सैल करून देतो, आणि गिऱ्हाइकाचं वजन वाढलंय हे त्याला न सांगण्याचे वेगळे पैसे घेत नाही. ताई मापं घेते, उसवते, कापते. मी मशीनवर बसते. छत्तीस वर्षं हेच चाललंय. लग्नं दोघींनीही केली नाहीत. ताईला विचारायला आले त्यांना तिने नाही म्हटलं, आणि मला विचारायला आले ते माझं तोंड ऐकून परत गेले.

दुकान आईचं. तिने घालून दिलेला एक नियम आम्ही अजून पाळतो. एकीने "झालं" म्हटलं की झालं. दुसरीने ते उलगडून बघायचं नाही. "एकमेकींच्या शिवणी तपासत बसलात तर दिवसाला दोन पँट होतील आणि चार भांडणं," असं आई म्हणायची. त्यामुळे मी "झालं" म्हणून कपडा डाव्या फळीवर टाकला की ताई त्याला कागदात गुंडाळते आणि वर गिऱ्हाइकाचं नाव लिहिते. छत्तीस वर्षांत तिने माझी एकही शिवण उलटून पाहिली नव्हती. मला या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि शेवटची अकरा वर्षं त्याच गोष्टीची भीतीही वाटत होती.

तर सहलीचं असं झालं की ताईला बर्फ बघायचा होता. आभाळातून पडलेला, पायाखाली कुरकुरणारा. लहानपणी कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिला होता, तेव्हापासून. सदुसष्टाव्या वर्षी बर्फाच्या आधी तिचे गुडघेच कुरकुरायला लागले, तशी ती एक दिवस कात्री खाली ठेवून म्हणाली, "आता नाही गेले तर मग फक्त फ्रीज उघडून बघायचा." मी जाऊन बारा दिवसांच्या सहलीत दोघींची नावं घातली. तोवर सगळं गोड होतं.

पैसे भरायला गेलो तेव्हा प्रवास कंपनीतल्या बाईने दोन फॉर्म पुढे सरकवले. गळ्यात दोरीला पेन बांधलेली, हसरी, घाईतली बाई. विम्यात काय काय मिळतं ते तिने न थांबता सांगितलं. बॅग हरवली तर भरपाई, आजारी पडलं तर दवाखाना, पाय मोडला तर खास सोय, आणि अगदीच वेळ आली तर देह परत आणायचा खर्च.

"विमानाने?" ताईने विचारलं.

"हो ना, विमानानेच."

"बघ," ताई मला म्हणाली. तिला ते फारच आवडलेलं दिसलं.

मी म्हणाले, "आयुष्यभर बसमध्ये उभ्याने प्रवास केला, आता मेल्यावर विमानाने आडवी येणार. वा."

बाई हसली आणि फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "फक्त ही एक जागा नीट भरा. काही झालं तर कोणाला कळवायचं, त्यांचं नाव, नातं आणि फोन. तुमच्याबरोबर प्रवास न करणारा नातेवाईक हवा. आणि रिकामं सोडू नका, कॉम्प्युटर पुढेच जात नाही. शुक्रवारपर्यंत आणून द्या."

विमा मला नकोसा झाला तो तिथे. ताई फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवत होती. तिच्याबरोबर प्रवास न करणारा तिचा नातेवाईक जगात एकच होता, आणि माझाही तोच. आमचा भाऊ. मधला, माझा दादा. त्याचं नाव आमच्या घरात अकरा वर्षांत कोणी घेतलं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत मी विम्याच्या विरोधात चार कारणं तयार केली होती. विमा म्हणजे संकटाला पत्ता देऊन बोलावणं. विमेवाले घेताना दोन्ही हात पुढे करतात, द्यायच्या वेळी त्यांना चष्मा सापडत नाही. आपण दोघी धडधाकट आहोत. आणि बारा दिवसांत असं काय होणार आहे?

"आजार हत्तीच्या पावलांनी येतो," ताई म्हणाली. "आणि धडधाकटचं मला सांगू नकोस. मागच्या वर्षी मी टेबलापाशी चक्कर येऊन पडले तेव्हा तू काय केलंस?"

ती पडली तेव्हा मला डॉक्टरांचा नंबर आठवेना. शेजारी औषधवाला आहे हेही आठवेना. मी तिच्या तोंडावर इस्त्रीच्या फवाऱ्यातलं पाणी मारत बसले होते. शेवटी किल्लीवालाच काय झालं म्हणून डोकावला आणि त्याने औषधवाल्याला हाक मारली.

"इथे दोन पावलांवर औषधवाला असताना ही तऱ्हा," ताई म्हणाली. "तिकडे परक्या मुलखात मी आडवी झाले तर तू कोणाच्या तोंडाकडे बघशील? मला माझ्यासाठी विमा नकोय, ठिणगे. तुझ्यासाठी हवाय."

ठिणगी हे माझं घरचं नाव. ते दादानेच ठेवलं होतं, मी चार वर्षांची असताना त्याच्या वहीवर शाई ओतली तेव्हा.

ताईला सांगायला हवं होतं ते त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. उलट म्हणाले, "मग त्या जागेत औषधवाल्याचं नाव घाल." तिने लगेच बाईला फोन करून विचारलं. बाई म्हणाली, नातेवाईकच हवा, रक्ताचा नाहीतर लग्नाचा. फोन ठेवून ताई माझ्या मनात होतं तेच नेमकं बोलली, फक्त उलट्या बाजूने.

"त्याचं नाव मी घालणार नाही. आई गेल्याचं कळवूनही जो माणूस चौथ्या दिवशी उगवतो, त्याला माझं कळवून काय उपयोग?"

कळवूनही. तो एवढा एक शब्द अकरा वर्षं आमच्या घरात खिळ्यासारखा बसला होता, आणि तो मी ठोकलेला होता.

आई वर्षभर अंथरुणावर होती. दादा सहा तासांच्या अंतरावर, त्याचं तिकडे चष्म्यांचं दुकान. तो दर रविवारी फोन करायचा. दहा मिनिटं बोलायचा. आईचा चेहरा असा फुलायचा की पुढचे दोन दिवस ती "तो म्हणाला, तो म्हणाला" एवढंच म्हणत असायची. तिला अंघोळ घालणारी मी, तिची कूस बदलणारी मी, रात्रीची उठणारी मी आणि ताई. आमच्याबद्दल ती काही म्हणायची नाही, कारण आम्ही होतोच. मला त्या दहा मिनिटांचा राग यायचा. आता सांगायला लाज वाटते, पण यायचा.

ती गेली त्या सकाळी ताई म्हणाली, "दवाखान्याचं आणि पुढचं मी बघते, तू दादाला कळव." मी फोन हातात घेतला, चार आकडे दाबले आणि थांबले. वाटलं, कळू दे त्याला जरा उशिरा. एक दिवस. आम्ही वर्ष काढलं, त्याने एक दिवस न कळता काढला तर काय बिघडणार आहे? थोड्या वेळाने ताईने जिन्यातून विचारलं, "दादाला कळवलं?"

मी म्हणाले, "झालं."

तिने उलगडून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता कळवावं. पण मग काल का नाही कळवलं, ते सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तर तोंडच उरलं नाही. काट्याचा नायटा होतो म्हणतात, तो मी माझ्या डोळ्यांनी होताना पाहिला. चौथ्या दिवशी औषधवाल्याने सांत्वनासाठी म्हणून दादाला फोन केला, आणि संध्याकाळी तो दारात उभा राहिला. शर्टाची बटणं चुकीची लागलेली. ताई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "आता कशाला आलास?" त्याला वाटलं, या दोघींनी ठरवून मला तोडलं. तो एक अक्षर न बोलता परत फिरला. मी आत भांडी घासत होते. धुतलेलीच भांडी मी परत घासत होते.

तेव्हापासून ताई त्याच्यावर रागावलेली, तो आम्हा दोघींवर, आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटी. खाई त्याला खवखवे. अकरा वर्षं खवखवत होतं, पण बोलण्याची वेळच आली नव्हती. ती आता एका छापील फॉर्मने आणली.

गुरुवार उजाडला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी एका जाडजूड माणसाच्या पँटची कंबर सैल करत होते. ताई फॉर्म घेऊन बसली होती. तिने दोघींची नावं, वयं, पत्ता, सगळं त्या तिच्या टपोऱ्या अक्षरांत भरलं. रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा खरं खरं लिहिल्या. मग पेन तसंच थांबलं. बऱ्याच वेळाने तिने काहीतरी लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"असं चालेल का बघ. नाही चाललं तर राहू दे विमा. तुझंच खरं."

मी बघितलं. कोणाला कळवायचं, या जागेत तिने लिहिलं होतं: कोणी नाही.

आठवडाभर मी भांडून जे मागत होते ते मला मिळालं होतं. "नको काढू या" एवढं म्हणायचं, की मी सुटले. ती माझ्यासाठी घाबरत घाबरत विमानात बसली असती, तिथे पडली असती तर मी पुन्हा तिच्या तोंडावर पाणी मारत राहिले असते, आणि कोणालाच काही कळलं नसतं. पण ते दोन शब्द तिच्या अक्षरात होते. माझ्या बहिणीने, जिला सख्खा भाऊ आहे, सरकारी कागदाला जपावं तसं जपून, रेघेवर नीट बसवून लिहिलं होतं की कोणी नाही. ते लिहायची वेळ तिच्यावर मी आणली होती.

"ताई," मी म्हणाले, "मी दादाला कळवलं नव्हतं."

"कधी?"

"आई गेली तेव्हा. तू विचारलंस, मी झालं म्हणाले. झालं नव्हतं. मी फोन केलाच नव्हता."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, ते मला जमतं. ती उठली. डाव्या फळीपाशी गेली. सकाळपासून मी "झालं" म्हणून टाकलेले सात कपडे तिथे होते. तिने पहिला उचलला, उलटा केला, उजेडाकडे धरला आणि शिवणीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग दुसरा. मग तिसरा. एकाही शिवणीत चूक नव्हती, ते तिलाही माहीत होतं. पण तिने सातही कपडे तपासले, आणि मी स्टुलावर बसून ते बघितलं. अकरा वर्षांत मला जी शिक्षा झाली नव्हती ती त्या पंधरा मिनिटांत झाली.

सातवा कपडा घडी करून ती म्हणाली, "मी त्याला दारातून घालवलं."

"हो."

"चुकीची बटणं लावून आला होता तो."

"हो, ताई."

ती खुर्चीत बसली. गुडघ्यांवर हात ठेवले. "फोन लाव," ती म्हणाली.

"तू बोल ना. तुझं ऐकेल तो."

"कळवायचं काम तुझं होतं," ताई म्हणाली. "मी माझं तेव्हाच केलं होतं. आणि स्पीकरवर टाक."

नंबर मला पाठ होता. तो विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला होता. चार आकडे दाबून बोट थांबलं, जुन्या सवयीनं. मग उरलेले दाबले. चौथ्या घंटेला त्याने उचलला.

"हॅलो, कोण?"

आवाज म्हातारा झाला होता. आमचा दादा म्हातारा झाला होता आणि ते मला फोनवर कळत होतं.

"मी बोलतेय," मी म्हणाले.

पलीकडे कोणीतरी चष्म्याची काडी सैल आहे म्हणून सांगत होतं. दादा त्याला म्हणाला, "जरा थांबा." मग दार लोटल्याचा आवाज आला.

"बोल."

मी फॉर्मपासून सुरुवात केली. आम्ही दोघी सहलीला चाललोय, ताईला बर्फ बघायचाय, तिथे एक विमा असतो, त्यात एक जागा असते. ताईने टेबलावर बोटाने टकटक केलं. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, असं त्याचं भाषांतर. मी श्वास घेतला आणि सांगितलं. कळवायचं माझ्याकडे होतं. मी कळवलं नाही. ताईला खोटं सांगितलं. तिला आत्ता, अर्ध्या तासापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. रागाने केलं, तुझ्या दहा मिनिटांच्या रागाने, आणि मग भीतीने तसंच ठेवलं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

मी फोन कानापाशी नेऊन बघितला, चालू आहे की नाही.

"किती वाजता गेली ती?" दादाने विचारलं.

हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार?

"सकाळी. सव्वासहाला."

"मी जागा होतो," तो म्हणाला. "चहा करत होतो. रविवार होता, दहाला फोन करायचा होता तिला." थोडं थांबून म्हणाला, "केला मी दहाला. नऊदा केला. कोणी उचलला नाही. वाटलं, काही असतं तर तुम्ही कळवलं असतं."

ताईने पदराने नव्हे, समोर पडलेल्या पँटच्या पायाने डोळे पुसले. मी तोंडावर हात ठेवून बसले होते. त्या दिवशी आईचा फोन मी कपाटात उशीखाली ठेवला होता. हेही मी विसरल्याचं सोंग करत आले होते.

"आणि या विम्याचं काय म्हणत होतीस?" त्याने विचारलं. आवाज कोरडा होता. माफ केलं असं काही त्यात नव्हतं, आणि मी त्याची अपेक्षाही केली नव्हती.

"आम्हाला तिकडे काही झालं तर कोणाला कळवायचं, ते लिहावं लागतं. नातेवाईक हवा. तुझं नाव लिहू का?"

"म्हणजे तुम्हाला काही झालं तर ते मला कळवणार?"

"हो."

"नक्की कळवतात?"

मला वाटलं होतं, या फोनवर माझं सगळं रडून झालंय. ते खरं नव्हतं.

"नक्की," मी म्हणाले. "त्याचेच पैसे घेतात ते."

तो हसला नाही. पण तो म्हणाला, "लिही मग. हा नंबर लिही. हा दुपारी कधी कधी बंद असतो, दुकानाचाही लिही." त्याने दुकानाचा सांगितला. "आणि घरचा लिही. रात्री-बेरात्री झालं तर घरचा." तोही सांगितला. मग थांबून म्हणाला, "समोरच्या किराणावाल्याचाही लिहून ठेव. तो निरोप देतो."

फॉर्मवर एकाच नंबरापुरती जागा होती. "कोणी नाही" वर मी आडवी रेघ मारली, शेजारी दादाचं नाव लिहिलं, नात्यात भाऊ लिहिलं, आणि नंबर समासात, खाली, वर, जिथे जागा मिळेल तिथे लिहीत गेले. चौथा लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं.

"झालं," मी म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं. फॉर्म तिने आपल्याकडे ओढला, चष्मा लावला, फोनही उचलून तोंडाशी धरला, आणि दारातल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा दादाशी बोलली.

"वाचून दाखवते," ती म्हणाली. "चुकलं तर सांग."

पहिल्या नंबरच्या पहिल्या आकड्यापासून तिने सुरुवात केली. प्रत्येक आकड्यानंतर ती थांबत होती, आणि प्रत्येक आकड्यानंतर तो तिकडून "हं" म्हणत होता.